प्रोग्रामिंगची पहिली भाषा पायथन की जावा?

ठाण्यात, वाशीत क्लासमध्ये चौकशी केली की 'पायथन घ्या, सोपी आहे' एवढं ऐकायला मिळतं. सोपी आहेच. पण फरक कुठे पडतो, ते डेटा टाइपपासून, म्हणजे माहितीच्या प्रकारापासून बघावं.

जावात व्हेरिएबल (किंमत ठेवायची, नाव दिलेली जागा) करतानाच टाइप लिहितात: इंट (पूर्णांक), डबल (दशांश), बूलियन (खरं-खोटं), स्ट्रिंग (मजकूर). इंट 32 बिटांचा असतो. 2147483647 मध्ये 1 मिळवला तर एररही येत नाही, आकडा गुपचूप उणे 2147483648 होतो. पायथनचा इंट मेमरी पुरेल तेवढा वाढतो. 7 भागिले 2 केलं की पायथन 3.5 देते, जावा दोन्ही आकडे इंट बघून 3 वर थांबते. सोसायटीचा मेंटेनन्स वाटणाऱ्या खजिनदाराला हे परवडणार नाही. अर्थात पैशांच्या हिशोबात साध्या दशांश टाइपवर कुठेच विसंबू नये, कारण 0.1 अधिक 0.2 चं उत्तर दोघी 0.30000000000000004 देतात. रक्कम रुपयांऐवजी पैशांत धरून इंटमध्ये ठेवलेली बरी.

तरी एका बाबतीत मला जावाच उजवी वाटते. भाड्याच्या आकड्याजागी चुकून मजकूर भरलात, तर ती कंपाइल करतानाच, म्हणजे प्रोग्राम चालण्याआधी त्याचं भाषांतर होतानाच अडवते. पायथन प्रोग्राम चालू देते आणि त्या मजकुरात आकडा मिळवायची ओळ आल्यावर एरर फेकते. ती ओळ महिनाअखेरीसच चालणारी असेल, तर चूकही तेव्हाच कळणार.

अट तपासणारे इफ, एल्स आणि तेच काम पुन्हापुन्हा करणारे फॉर, व्हाइल हे लूप दोन्हीकडे आहेत. ठाण्याहून वाशीला आणि पनवेलला जाणाऱ्या गाड्या तुर्भ्यापर्यंत एकाच मार्गाने येतात. स्टेशनांच्या यादीवर फॉर लूप फिरवा. तुर्भे आलं आणि गाडी वाशीची असेल तर सानपाडा, एल्स जुईनगर. पायथनमध्ये ओळीआधीची मोकळी जागाच गट ठरवते, जावात महिरपी कंस लागतात. शिवाय जावात दोन स्टेशनांची नावं दुहेरी बरोबरचिन्हाने ताडून पाहू नका. ते अक्षरं नाही, ऑब्जेक्ट (मेमरीत ठेवलेली वस्तू) एकच आहे का ते बघतं. तिथे अक्षरं ताडणारं इक्वल्स हवं. नवशिके इथे हमखास अडकतात. किमतीनुसार अनेक पर्यायांतून एक निवडणाऱ्या जावाच्या स्विचबद्दल एवढंच, की पायथनला तसलं मॅच 2021 मध्ये, 3.10 आवृत्तीत मिळालं.

ऐरोलीच्या ऑफिसात दिवसभर एक्सेलचे रिपोर्ट करत असाल, तर बेलाशक पायथन. इंजिनिअरिंगला जाणार असाल आणि हाताशी वेळ असेल, तर आधी जावा घ्या. नंतर पायथन पटकन येते, उलट दिशेने टाइप लिहायचा कंटाळा येतो.