लिनक्स लॅपटॉपचं वाय-फाय सारखं तुटतंय: कार्ड बदलावं, डोंगल घ्यावा की लॅन केबल ओढावी?

लिनक्स टाकलेल्या लॅपटॉपचं वाय-फाय सारखं तुटायला लागलं की बरेच जण एकतर विंडोजवर परत जातात, नाहीतर ऑनलाइन दिसेल तो पहिला यूएसबी डोंगल मागवतात. बहुतेक वेळा दोन्हीची गरज नसते. माझं मत आधीच सांगतो. आतलं वाय-फाय कार्ड बदलण्याजोगं असेल तर तेच बदला, डोंगल नाइलाज झाला तरच घ्या आणि लॅपटॉप टेबलावरून हलतच नसेल तर सरळ केबल लावा. पण खिशात हात घालण्याआधी दोष कुणाचा ते ठरवा. मुंबईत तो लॅपटॉपचा नसण्याची शक्यता चांगलीच असते.

परळच्या टॉवरमध्ये काय किंवा गिरगावच्या चाळीत काय, वाय-फायची यादी उघडली की शेजाऱ्यांची नावं संपता संपत नाहीत. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. सगळी इमारत त्यांतच कोंबलेली असते. ५ गिगाहर्ट्झवर जागा भरपूर, पण आरसीसीच्या दोन भिंती ओलांडताना तो सिग्नल गळून जातो.

म्हणून दोन टर्मिनल उघडा. एकात राउटरच्या पत्त्याला पिंग लावा, म्हणजे ‘आहेस का?’ असं सतत विचारत राहा, दुसऱ्यात गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला. नेट गेलं की दोन्हीकडे बघा. राउटर उत्तर देतोय आणि बाहेरचा पत्ता देत नाही, तर नेटवाल्याला फोन करा. लॅपटॉपवर एक रुपयाही खर्चू नका. राउटरच गप्प झाला असेल तर आणखी एक चाचणी आहे आणि ती मला सगळ्यांत भरवशाची वाटते. अँड्रॉइड फोन घरच्याच वाय-फायवर ठेवा, यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक फोन तेच वाय-फाय केबलमधून लॅपटॉपला देतात. त्याच खुर्चीत बसून, फोनमार्फत नेट तासभर टिकलं, तर दोष तुमच्या कार्डात किंवा ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. फोनही अडखळला तर आधी राउटरची जागा बदला.

दोष लॅपटॉपचा निघाला तरी लगेच खरेदीला धावू नका. पहिला संशयित पॉवर सेव्हिंग. बॅटरी वाचवण्यासाठी कार्ड मधूनमधून झोपतं आणि काही ड्रायव्हरांना त्याला वेळेवर उठवणं जमत नाही. उबुंटूत नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ-डी (conf.d) फोल्डरमध्ये यासाठी छोटी फाइल असते. तिथे पॉवरसेव्हपुढे ३ दिसेल, त्याचं २ करा आणि नेटवर्कमॅनेजर पुन्हा सुरू करा. ३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. बॅटरी किंचित जास्त खाल्ली जाईल, एवढाच तोटा. राउटर दोन्ही बँडना एकच नाव देत असेल तर कनेक्शनच्या सेटिंगमध्ये बँड ५ गिगाहर्ट्झवर बांधून टाका, म्हणजे लॅपटॉप इकडून तिकडे उड्या मारणार नाही.

दुसरा संशयित जुना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा; बहुतेक ड्रायव्हर त्यातच येतात. एलएसपीसीआय कमांड ‘-के’ लावून (lspci -k) चालवली की कार्ड कोणतं आणि त्याला कोणता ड्रायव्हर मिळालाय ते दिसतं. रिअलटेक ८८५२बीई हे कार्ड घ्या. त्याचा ड्रायव्हर कर्नल ६.२ मध्ये आला आणि डेबियन १२ सोबत येतो ६.१. अशा वेळी डेबियनच्याच बॅकपोर्ट्स या भांडारातला नवा कर्नल टाकला की काम होतं, पैसे लागत नाहीत.

एवढं करूनही तुटतंय? मग कार्ड. मी इंटेल एएक्स२१० च सुचवीन. ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, ५.१० किंवा पुढचा कर्नल हवा, वेगळं काही बांधावं (कंपाइल करावं) लागत नाही. खरेदीत फसायची जागा एकच: एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डं दिसायला तशीच असतात, पण ती ठरावीक इंटेल बोर्डांवरच चालतात. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये ती घालून उपयोग नाही. झाकण उघडून आधी बघा की कार्ड स्लॉटमध्ये आहे की बोर्डावर झाळलेलं, आणि अँटेनाच्या वायरी दोन आहेत की एकच. स्वस्त लॅपटॉपमध्ये कधीकधी एकच असते. मग नव्या कार्डाचा पूर्ण वेग मिळणार नाही. वायरींची टोकं अगदी बारीक असतात, तिरकी दाबली तर वाकतात. सरळ वरून बोटाने दाबा, ‘टिक’ जाणवलं की बसली. काही जुन्या लॅपटॉपचं बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, अनोळखी कार्ड नाकारतं, हेही मॉडेलचं नाव घालून आधी शोधून ठेवा. वॉरंटी चालू असेल तर झाकण उघडण्याआधी तिच्या अटी वाचा.

डोंगलवर माझा भरवसा कमी, कारण खोक्यावर चिपचं नाव बहुधा नसतं आणि एकाच मॉडेलच्या पुढच्या आवृत्तीत कंपनी चिप बदलू शकते. बऱ्याच रिअलटेक चिपसाठी, विशेषतः जुन्या कर्नलवर, ड्रायव्हर बाहेरून आणून बांधावा लागतो. कर्नल अपडेट झाला की तो तुटायची भीती, आणि सही नसलेला ड्रायव्हर अडवणारं सिक्युअर बूट चालू असेल तर सहीची कटकट वेगळी. कार्ड झाळलेलंच असेल आणि डोंगलवाचून गत्यंतर नसेल तर मीडियाटेक एमटी७६१२यू चिपचा घ्या. तिचा ड्रायव्हर ४.१९ पासून कर्नलमध्ये आहे. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर जाणार असाल तर लॅपटॉप सोबत न्या. काउंटरवरच डोंगल लावून एलएसयूएसबी (lsusb) कमांड चालवा आणि चिप बघूनच पैसे द्या. आणि तो यूएसबी ३ च्या हार्डडिस्कशेजारी खुपसू नका. त्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्ये मिसळतो. हातभर एक्स्टेन्शन केबल लावली की बराच फरक पडतो.

घरून काम करणारा, दिवसभर मीटिंगमध्ये अडकलेला माणूस मात्र या कशाच्याही नादी लागू नये, सरळ लॅन केबल ओढावी. लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नसेल तर आरटीएल८१५३ चिपचा यूएसबी अडॅप्टर लिनक्सवर लावताक्षणी चालतो. घर भाड्याचं असल्यामुळे भिंतीला भोक पाडता येत नसेल तर चपटी कॅट ६ केबल घ्या, ती दाराच्या फटीतून आरामात जाते.