लिचेस, चेस डॉट कॉम की चेसबेस? मुलांच्या बुद्धिबळासाठी काय घ्यावं

सुट्ट्या लागल्या की आमच्या इंदुरात रामबाग, लोकमान्य नगरकडचे आईबाबा हमखास विचारतात: मुलगी स्पर्धा खेळायला लागली आहे, कोणतं सॉफ्टवेअर घेऊन देऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे. पहिलं वर्ष पैसे खर्च करू नका.

इंजिनाच्या, म्हणजे चाली मोजून चांगली चाल सांगणाऱ्या प्रोग्रामच्या, ताकदीसाठी आता पैसे मोजावेच लागत नाहीत. स्टॉकफिश हे इंजिन फुकट आहे आणि जगज्जेत्यालाही हरवेल इतकं बलाढ्य आहे. लिचेस या संकेतस्थळावर डाव तेच तपासतं, चेस डॉट कॉम या संकेतस्थळावरही ते वापरता येतं. चेसबेस या संगणकावरच्या प्रोग्राममध्येही ते जोडता येतं. फरक आहे तो बाकीच्या सोयींत.

लिचेस 2010 पासून देणग्यांवर चालतं, जाहिराती नाहीत. कोडी हवी तितकी सोडवा, तीही विषयवार: दुहेरी हल्ला, पिन (मागे मोठी सोंगटी असल्याने पुढची अडकणं), हत्तीचे एण्डगेम (डावाचा शेवटचा टप्पा). कुठल्या विषयात आपण कच्चे आहोत तेही दिसतं. पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती वेगळीच सोय. आपला डाव तपासून झाला की चुकलेल्या जागी पट पुन्हा समोर येतो आणि चांगली चाल आधी आपल्यालाच शोधायला लावतो. उत्तर लगेच दिसलं की मूल मान डोलावतं आणि पुढच्या डावात तीच चूक करतं.

चेस डॉट कॉमवर फुकट खात्यात कोडी आणि डावाचा आढावा मोजकाच मिळतो. त्याची जमेची बाजू म्हणजे चूक शब्दांत सांगितली जाते. घरात कुणालाच खेळ येत नसेल, मूल लहान असेल, तर त्यासाठी पैसे भरायला माझी हरकत नाही. फक्त रेटिंगची, म्हणजे खेळाची ताकद दाखवणाऱ्या आकड्याची, तुलना करू नका. लिचेसवरचा आकडा बहुधा जास्तच दिसतो, आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या रेटिंगशी दोन्हींचा थेट संबंध नाही.

इंजिन कुठे तोकडं पडतं ते एका स्थितीत पाहा. पांढरा राजा डी8, प्यादं डी7, हत्ती एफ1. काळा राजा जी7, हत्ती सी2. चाल पांढऱ्याची. इंजिन हत्ती एफ4 दाखवेलही, पण का ते सांगणार नाही. पांढरा राजा बाहेर पडला की मागून काळ्या हत्तीच्या शहांचा मारा सुरू होतो, आणि राजा खाली येत येत डी5 ला पोहोचला की एफ4 वरचा हाच पांढरा हत्ती डी4 वर आडवा येऊन शह अडवतो. हे खऱ्या पटावर सोंगट्या मांडून, समोर कुणीतरी बसवून खेळल्याशिवाय मुरत नाही.

चेसबेसचं बळ डावांच्या प्रचंड संग्रहात आहे. प्रतिस्पर्ध्याचे जुने डाव काढून तयारी करायची तर त्याला तोड नाही. पण ते महाग आहे, मुख्य प्रोग्राम विंडोजवरच चालतो आणि शिकायलाही वेळ लागतो. मुलगी फिडे रेटिंगमध्ये 1700-1800 ला पोहोचली, तिला प्रत्येक फेरीआधी अशी तयारी करावी लागली, तर घ्या. तोवर ओपनिंगच्या (डावाच्या सुरुवातीच्या चालींच्या) फाइली ठेवायला लिचेसचा स्टडी विभाग पुरतो.