वेबास्टो थर्मो टॉप ईव्हो 5: ऊब किती, डिझेल किती?

वेबास्टो कंपनीचा थर्मो टॉप ईव्हो 5 हा गाडीत बसवायचा 5 किलोवॅटचा हीटर टाकीतलंच इंधन स्वतःच्या छोट्या बर्नरमध्ये जाळतो, इंजिनचं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) तापवतो आणि केबिनच्या हीटरमधून फिरवतो. जर्मनीत याला स्टँडहाइत्सुंग, म्हणजे उभ्या गाडीचा हीटर, म्हणतात. किल्ली फिरवण्याआधीच काचेवरचा बर्फ उतरलेला, आत ऊब आणि इंजिनही कोमट. रात्रभर गाडी रस्त्यावर लावणाऱ्यांसाठी हे फार मोठं सुख आहे.

पूर्ण जोरात तो ताशी सुमारे 0.6 लिटर डिझेल घेतो. कूलंट तापलं की ज्योत आपोआप मंदावते, त्यामुळे सकाळच्या 20 मिनिटांना 0.2 लिटर म्हणजे डोक्यावरून पाणी. महिन्याच्या 20 सकाळी धरल्या तर 4 लिटर. कोमट इंजिनामुळे पहिल्या काही किलोमीटरांत थोडं परत मिळतं, सगळं नाही. इंधन वाचेल म्हणून हा हीटर घेऊ नका.

बऱ्याच डिझेल गाड्यांत कंपनीचाच विजेचा पीटीसी हीटर असतो. त्याची वीज अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या जनित्राची, म्हणून शेवटी डिझेलचीच. 1 किलोवॅट उबेला तो ताशी 0.4 लिटरच्या आसपास खातो. बर्नरला तेवढ्यासाठी 0.12 लिटर पुरतं. पीटीसीच्या भारानं इंजिन लवकर तापतं आणि मग तो बंद होतो, म्हणून हा खर्च थोड्या मिनिटांचाच. उभ्या गाडीत मात्र त्याचा उपयोग नाही.

खरं दुखणं बॅटरीचं. हीटरपेक्षा केबिनचा पंखा जास्त वीज ओढतो. जितकी मिनिटं हीटर, निदान तितकी मिनिटं गाडी चालली पाहिजे. अर्धा तास तापवून रोज पाच मिनिटांवर जायचं असेल, तर बॅटरी हळूहळू उतरत जाते आणि एका गारठलेल्या सकाळी हीटर मध्येच बंद पडतो. साधा, हाताने लावायचा एसी असलेल्या गाडीत रात्री उतरतानाच तापमान पूर्ण गरमवर, झोत काचेकडे आणि पंखा एकवर ठेवा.

दोन-दोन मिनिटं चालवून बंद केलं की बर्नरमध्ये काजळी धरते. मग पेटताना पांढरा धूर येतो आणि वारंवार पेटला नाही की हीटर लॉक होतो, म्हणजे पुन्हा सुरूच होत नाही. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा 10 मिनिटं चालवा. बंद केल्यावर त्याचा पंखा थोडा वेळ घोंघावत राहतो. तो बर्नर थंड करत असतो, त्याची वीज तोडू नका. बंद गॅरेजमध्ये हीटर कधीही चालू करू नका, कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. पेट्रोल पंपावर शिरण्याआधी बंद करा.

बसवून झाल्यावर गाडी ताब्यात घेताना दोन गोष्टी बघाच. इंधनाचा छोटा पंप रबरावर आणि तोंड वर करून तिरका बसलेला हवा. थेट पत्र्याला आवळला तर त्याची टक-टक सीटपर्यंत येते. आणि कूलंटमधली हवा नीट काढलेली हवी. हवेचा बुडबुडा अडकला तर हीटर आतल्या आत तापून बंद पडतो, अन् झरोक्यांतून गारच वारा येतो.