लेहरा धरणाऱ्याचा अल्बम

तबल्याच्या परीक्षा आल्या की पेटीवर लेहरा धरायला मला बोलावतात. सोळा मात्रांची एकच ओळ, पाऊण-पाऊण तास. मुलगा कायदे, म्हणजे तबल्याच्या बोलांच्या बांधीव रचना वाजवतो, भरधाव, दाट बोलांचे रेले वाजवतो, तिहाई घेऊन समेवर येतो नि टाळ्या मिळवतो. मी आपला त्याच ओळीवर. आमच्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1886 मध्ये गायनशाळा काढली, पण नुसता लेहरा धरला म्हणून अजून कुणाला शाल मिळालेली मी पाहिली नाही. म्हणून भाचा म्हणाला, "मामा, ऐका, गाणी दुसरेच म्हणतात आणि अल्बम मात्र मागे बसलेल्याच्या नावावर आहे," तेव्हा मी पेटीचा भाता बंद करून बसलो.

न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वस्तीतला मार्ली मार्ल हा रॅपवाल्यांच्या मागे बसून संगीत रचणारा; त्याचा हा पहिला अल्बम, 'इन कंट्रोल, व्हॉल्यूम 1', 1988 चा. दहा गाणी, आणि म्हणणारे बहुतेक त्याच्याच 'ज्यूस क्रू' या रॅपवाल्यांच्या चमूतले.

याची खरी करामत ढोलात आहे. जुन्या रेकॉर्डवरची एखादी थाप, एखादा ठोका तेवढाच कापून घ्यायचा, यंत्रात भरायचा आणि बोटांनी नव्या जागी वाजवायचा, ही वाट रॅपमध्ये रुळवली ती मार्लीने. एखाद्या खाँसाहेबांचा नुसता 'धा' उचलावा आणि आपल्या कायद्यात बसवावा, तसं. चोरी म्हणा हवं तर. पण तो 'धा' योग्य मात्रेवर पडायला कान लागतो, आणि तो उसना मिळत नाही.

सगळा जीव आहे पाचव्या गाण्यात, 'द सिम्फनी'त. ओटिस रेडिंगच्या जुन्या गाण्यातला पियानोचा छोटा तुकडा उचललाय, तो फिरत राहतो. हा तर माझाच लेहरा! त्यावर चौघे एकामागून एक येतात: मास्टा एस, क्रेग जी, कूल जी रॅप, बिग डॅडी केन. एस हा रॅपची स्पर्धा जिंकून, बक्षिसात मिळालेल्या स्टुडिओच्या तासांमुळे मार्लीकडे पोचलेला पोरगा, आणि इथे सलामीला तोच. कूल जी रॅप सुटला की थांबतच नाही. अक्षरं इतकी दाट की मला रेला आठवला; इंग्रजी निम्मं कळलं नाही, पण वजन एकदाही सुटलं नाही. शेवटी केन येतो तो मैफलीत शेवटी बसणाऱ्या बुवांच्या ऐटीत. आणि चौघांच्या खाली पियानो हलत नाही. मी दुसऱ्यांदा ऐकताना गाणाऱ्यांकडे लक्षच दिलं नाही.

बाकी सगळं या उंचीचं नाही. बिझ मार्की आणि हेवी डी यांची जोडी मजेची, पंगतीत दोन जाडजूड व्याही एकमेकांना जिलबीचा आग्रह करतात तशी. ट्रॅजेडी विशीच्याही आतला, पण आवाजात धग आहे. 'डक अलर्ट' हा प्रतिस्पर्धी रेडिओ स्टेशनवाल्यांना मारलेला टोमणा. त्या भांडणाशी आपलं देणंघेणं नसेल तर तो लवकर शिळा होतो. रोक्सेन शांटे ही इथली एकटीच बाई, आणि तिला अगदी शेवटी ढकललंय. ते गाणंही मला लागलं नाही. पाहुणे फार झाले की असं होतंच. प्रत्येकाला पान वाढायचं म्हणून कुणाच्या पानात वरणच पडत नाही.

भाचा म्हणतो, आवाज आज जुनाट वाटतो. वाटू दे. ढोल कोरडा आहे, सजावट कमी आहे, म्हणून तर ठोका कुठे पडला ते कळतं.

एक मात्र करा. मी पहिल्यांदा हा अल्बम दांडिया बाजारात, रिक्षात, फोनच्या स्पीकरवर ऐकला आणि खालचा ढोल पार गायब. घरी हेडफोन लावून ऐका. आणि पहिल्या नाही, पाचव्या गाण्यापासून सुरू करा.