माणूस पाठवायचा की यंत्र? अवकाशाच्या दोन वाटा शेजारी ठेवून पाहताना

१८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या एकाच बैठकीत अवकाशाचे अनेक मोठे प्रस्ताव मंजूर झाले. यंत्राकरवी चंद्रावरची माती आणणाऱ्या चांद्रयान-४ साठी २,१०४ कोटी रुपये, शुक्राभोवती फिरणाऱ्या यानासाठी १,२३६ कोटी, आणि गगनयान कार्यक्रमाचा विस्तार करून त्याचा एकूण खर्च २०,१९३ कोटी. चंद्र आणि शुक्र मिळून जेवढे पैसे, त्याच्या सहापट माणसाला वर नेऊन सुखरूप परत आणण्यासाठी. हे बरोबर आहे का?

या प्रश्नावर तुमचं मत अजून ठरलं नसेल, तर पुढचा मजकूर तुमच्यासाठी आहे. माझा कल आधीच सांगतो: पृथ्वीच्या कक्षेत आणि चंद्रापर्यंत माणसाने जावं, त्यापलीकडे अजून बरीच वर्षं यंत्रांनाच पाठवावं. आता दोन्ही बाजू बघा.

पैशाचा हिशेब

मंगळयानाला सुमारे ४५० कोटी लागले, चांद्रयान-३ ला सुमारे ६१५ कोटी. यंत्राला हवा लागत नाही, पाणी लागत नाही आणि बहुतेक वेळा परतही यायचं नसतं. माणूस जाणार म्हटलं की खर्चाचा मोठा भाग या परतीवरच होतो. २१ ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून गगनयानाची जी चाचणी झाली, तिचा उद्देश एवढाच होता की उड्डाणात बिघाड झाला तर अंतराळवीरांची कुपी रॉकेटपासून सुटून दूर फेकली जाते का आणि पॅराशूटने समुद्रात नीट उतरते का. त्या सकाळी उलटमोजणी शेवटच्या पाच सेकंदांवर आली असताना थांबली, दोष शोधला गेला आणि त्याच सकाळी पुन्हा उड्डाण होऊन चाचणी यशस्वी झाली. या खर्चातून चंद्राबद्दल किंवा मंगळाबद्दल एक ओळही नवी कळत नाही. पण त्याशिवाय कुणाला वर बसवणं हा गुन्हा ठरेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. २०,१९३ कोटी हा एका उड्डाणाचा खर्च नाही. त्यात आठ मोहिमा आहेत, भारतीय अंतरिक्ष स्थानकाचा पहिला भाग आहे, आणि देशात नव्याने उभी राहणारी कारखानदारी आहे. आपल्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला या रॉकेटच्या घन इंधनाच्या बूस्टरची कवचं घडतात. तरीही निव्वळ विज्ञानाच्या तराजूत पैशाच्या बाबतीत यंत्रच जिंकतं, आणि मानवी मोहिमांच्या समर्थकांनी हे खुल्या मनाने मान्य करावं.

अडलेल्या कामाला हात

माझं मत ज्यामुळे घडलं, त्या दोन घटना इथे सविस्तर सांगायला हव्यात.

पहिली घटना मे २००९ मधली. हबल दुर्बिणीची पाचवी आणि शेवटची दुरुस्ती सुरू होती. प्रकाशाचं पृथक्करण करणारं एक उपकरण २००४ मध्ये वीजपुरवठा बिघडल्याने बंद पडलं होतं. ते अवकाशात उघडायचं असं कुणी ठरवलेलंच नव्हतं, त्यामुळे आतलं कार्ड बदलायचं तर आधी शंभराहून जास्त बारीक स्क्रू काढायचे होते. त्याही आधी वाटेत येणारा, हाताने धरायचा एक दांडा काढायचा होता. त्याला बोल्ट चार. तीन निघाले, चौथ्याचं डोकं झिजलं आणि पाना नुसता फिरत राहिला. अंतराळवीर माइक मॅसिमिनो हातमोज्यांच्या जाड बोटांनी त्या दांड्याशी झगडत होते, आणि खाली मेरीलँडमधल्या गोडार्ड केंद्रात अभियंते तसाच दांडा घेऊन तो किती जोराने ओढला तर तुटतो ते तपासत होते. उत्तर वर कळवलं गेलं: तुकडे उडू नयेत म्हणून चिकटपट्टी लावा आणि दांडा ओढून तोडा. मॅसिमिनोंनी तो तोडला, स्क्रू काढले, कार्ड बदललं, आणि उपकरण पुन्हा कामाला लागलं.

दुसरी घटना मंगळावरची. नोव्हेंबर २०१८ मध्ये उतरलेल्या इनसाइट यानाने एक जर्मन उपकरण नेलं होतं: जेमतेम ४० सेंटिमीटर लांबीची, स्वतःला ठोकत जमिनीत शिरणारी खुंटी. मंगळाच्या पोटातली उष्णता मोजण्यासाठी तिला पाच मीटरपर्यंत खोल जायचं होतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठोकाठोक सुरू झाली आणि खुंटी लगेचच अडली. पुढे सरकायला तिला भोवतीच्या मातीची घट्ट पकड हवी होती, पण तिथली माती गोळा होऊन बाजूला सरली आणि भोवती खड्डा तयार झाला. मग पृथ्वीवरच्या चमूने यानाच्या हाताला असलेलं छोटं फावडं खुंटीला बाजूने टेकवून पाहिलं, नंतर वरून दाबून पाहिलं. प्रत्येक हालचाल आधी इथल्या प्रतिकृतीवर करून बघायची, आज्ञा पाठवायची, छायाचित्रं यायची वाट पाहायची. जवळपास दोन वर्षं चिकाटीने हे चाललं. खुंटीचं वरचं टोक जमिनीत जेमतेम गेलं आणि जानेवारी २०२१ मध्ये प्रयत्न सोडून द्यावा लागला. तिथे माणूस असता तर त्याने खड्डा बुजवून माती पायाने चोपली असती. काम झालंच असतं असं नाही, पण दुपारपर्यंत काय ते कळलं असतं.

आधी कुणी न कल्पिलेली अडचण समोर आली की माणसाची किंमत कळते. मात्र हबल पृथ्वीपासून पाच-सहाशे किलोमीटरवर होती म्हणून तिथे माणूस जाऊ शकला, हे विसरून चालणार नाही. जेम्स वेब दुर्बीण १५ लाख किलोमीटरवर आहे. तिथे दुरुस्तीला कुणी जाणार नव्हतं, म्हणून तिची प्रत्येक घडी पहिल्याच प्रयत्नात उलगडावी लागणार होती, आणि ती उलगडली.

किती दूर, किती काळ

अपोलोच्या बारा चंद्रवीरांनी १९६९ ते १९७२ या काळात चालून-खणून एकूण ३८२ किलो दगडमाती आणली. त्याच दशकात सोव्हिएत संघाच्या तीन यंत्रयानांनी मिळून आणलेली माती ३०० ग्रॅमच्या आसपास भरते. चीनच्या छांग-अ ५ ने २०२० मध्ये पावणेदोन किलोच्या आसपास माती आणली, तर छांग-अ ६ ने २०२४ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूची जवळपास दोन किलो. त्या बाजूवर आजवर एकाही माणसाचं पाऊल पडलेलं नाही.

डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या हॅरिसन श्मिट यांना राखाडी चंद्रावर नारिंगी माती दिसली. श्मिट पेशाने भूशास्त्रज्ञ, म्हणून त्यांची नजर तिथेच अडली. ते ज्वालामुखीतून उडालेले काचेचे बारीक मणी होते. अपोलोने आणलेल्या अशा मण्यांमध्ये २००८ साली पाण्याचा अंश सापडला. त्याच वर्षी सुमारे ३८६ कोटी खर्चून चांद्रयान-१ निघालं, आणि त्याच्यावरच्या उपकरणाने चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या रेणूंच्या खुणा टिपल्याचं २००९ मध्ये जाहीर झालं. माणसाने उचललेली माती ३६ वर्षांनी बोलली आणि यंत्राने वरून सगळा चंद्र न्याहाळला. दोन्ही कामं एकमेकांना पुरवणी ठरली.

चिकाटीत मात्र यंत्राला तोड नाही. ९० दिवसांसाठी पाठवलेली ऑपॉर्च्युनिटी गाडी २००४ पासून २०१८ पर्यंत मंगळावर राबली आणि ४५ किलोमीटर चालली. १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर १ ऑगस्ट २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं. तिथे तुलनेचा प्रश्नच येत नाही.

जिवाचं मोल

१ फेब्रुवारी २००३. अमेरिकेचं कोलंबिया हे शटल यान परत येत असताना फुटलं आणि कल्पना चावलांसह सातही जण गेले. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. तिथे पडलेल्या भगदाडातून परतीच्या वेळी तापलेले वायू आत शिरले. त्याआधी १९८६ मध्ये चॅलेंजर शटलचे सात जण उड्डाणाच्या वेळीच गेले. दोन्ही वेळा शटलची उड्डाणं दोन वर्षांहून अधिक काळ थांबली. २०१९ मध्ये आपलं विक्रम लँडर कोसळलं तेव्हाही देश हळहळला, पण कुणाच्या घरात अंधार झाला नाही आणि चार वर्षांत चांद्रयान-३ नीट उतरलं.

मंगळाच्या बाबतीत माझा विरोध इथून येतो. वजनरहित अवस्थेत दर महिन्याला हाडांची घनता एक ते दीड टक्का घटते, आणि जाऊन-येऊन मंगळाची मोहीम अडीच-तीन वर्षांची होते. निरोप एका दिशेने जायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर आठवडाभरासाठी गेले आणि नऊ महिने अडकले, तरी त्यांच्यापाशी स्थानक होतं, रसद पोचत होती आणि परतीला दुसरं यान मिळालं. मंगळाच्या वाटेवर यातलं काहीच नसेल.

लोक काय म्हणतात

अपोलो ११ च्या उड्डाणाच्या पूर्वसंध्येला अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीचे नेते राल्फ अबरनाथी गरीब कुटुंबांना घेऊन आणि खेचरांच्या गाड्या घेऊन केप केनेडीला निदर्शनं करायला गेले होते. देशात लोक उपाशी असताना चंद्रावर पैसा का, हा त्यांचा प्रश्न तेव्हाही रास्त होता, आजही आहे. २०२३ मध्ये प्यू संशोधन केंद्राने अमेरिकी लोकांना नासाची कामं प्राधान्याने लावायला सांगितली. पृथ्वीवर आदळू शकणाऱ्या लघुग्रहांवर नजर ठेवण्याला ६० टक्क्यांनी सर्वोच्च स्थान दिलं, चंद्रावर माणूस पाठवण्याला १२ टक्क्यांनी. आपल्याकडे विक्रम साराभाईंनी तर स्पष्टच सांगितलं होतं की चंद्र, ग्रह किंवा मानवी अवकाशप्रवास यांत श्रीमंत देशांशी स्पर्धा करण्याची आपली कल्पना नाही. तंत्रज्ञान समाजाच्या प्रश्नांना जुंपायचं आहे. पुढे उपग्रहांनी हवामान, मासेमारी, दूरसंचार यांत ते करूनही दाखवलं.

दुसरीकडे, १९८४ मध्ये राकेश शर्मा वरून बोलले ते आज पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला शब्दशः आठवतं. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर पोचले आणि तिथे त्यांनी मूग-मेथीला मोड आणण्याचा प्रयोग केला, तेव्हा मुलांना तो घरच्या डब्यातला वाटला. हे मोजता येत नाही म्हणून खोटं ठरत नाही. पण केवळ एवढ्यासाठी वीस हजार कोटी मागितले असते तर मी नाही म्हटलं असतं.

कौल कसा द्यायचा

ग्रहताऱ्यांचं ज्ञान तुम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटत असेल, तर यंत्रांच्या बाजूने उभे राहा, संकोच नको. देशाकडे स्वतःची कुपी, स्वतःची जीवरक्षक यंत्रणा आणि स्वतःचं स्थानक असावं असं वाटत असेल, तर गगनयानाला पाठिंबा द्या. मात्र त्यासोबत दोन अटी घाला. पहिली, तारखेच्या दडपणाखाली माणूस बसवू नये; मानवरहित चाचण्या पूर्ण झाल्याखेरीज उड्डाण नको, मग ते वर्षभर लांबलं तरी चालेल. दुसरी, गगनयानाचा खर्च वाढला तर तो शुक्रयान किंवा चांद्रयान-४ च्या वाट्यातून कापला जाऊ नये. दर फेब्रुवारीत अर्थसंकल्प आला की अवकाश विभागाच्या तरतुदीत हे आकडे स्वतंत्र बघा.