हातावरचा कॉकाटील द्यायचाय: माणसाच्या घरी की पक्ष्यांच्या घरी?

कॉकाटील, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पाळीव पोपट, दुसऱ्याला द्यायची वेळ आली, की चांगली म्हणावी अशी दोन घरं समोर येतात. एका घरात पक्षी नाही, पण माणूस दिवसभर आहे. दुसऱ्या घरात आधीच चार-पाच कॉकाटील आहेत. ‘बिचाऱ्याला सोबत होईल’ म्हणून बरेच जण दुसरं घर निवडतात. मीही निवडलं होतं आणि तीन आठवड्यांत पक्षी परत आणला.

घर वाईट नव्हतं. पिंजरा ऐसपैस, खाणं उत्तम. पण माझा नर पिल्लू असल्यापासून आमच्या खांद्यावर वाढलेला, दुसरा पक्षी त्याने पाहिलाच नव्हता. बाकीचे वाटीपाशी आले की हा तुरा मागे चपटा करून दांडीच्या टोकाला सरकायचा. मालक खोलीबाहेर पडले की मात्र त्यांच्यामागे शीळ घालत बसायचा. त्याचा थवा म्हणजे माणसं.

आणखी एक चूक दोघांचीही होती. त्यांनी त्याला पहिल्याच दिवशी सगळ्यांत सोडलं आणि मी काही विचारलं नाही. नवा पक्षी किमान 30 ते 45 दिवस वेगळ्या खोलीत ठेवावा लागतो. सिटाकोसिससारखा संसर्गजन्य आजार अंगात असूनही पक्षी ठणठणीत दिसू शकतो आणि हा आजार माणसालाही होतो. म्हणजे पक्ष्यांच्या घरी गेलेला पक्षी पहिला महिना-दीड महिना तसाही एकटाच असायला हवा. ‘आजच एकत्र सोडू’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

अनुभवात मात्र पक्ष्यांचं घर सरस. तिथे ग्रॅममध्ये मोजणारा काटा असतो. पक्षी आजार लपवतो, वजन लपवता येत नाही. शंभर ग्रॅमचा कॉकाटील नव्वदवर आला तर डॉक्टर गाठायचा, हे त्यांना सांगावं लागत नाही. पहिल्यांदाच पक्षी घेणाऱ्याला सगळं सांगावं लागतं: नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो, अॅव्होकाडो आणि चॉकलेट विषारी. शिवाय कॉकाटीलच्या पिसांची पावडर घरभर उडते. घरात कुणाला दमा असेल तर विषय तिथेच संपवा.

माणसाच्या घराचा खरा प्रश्न पुढे येतो. पहिल्या महिन्याचा उत्साह सगळ्यांनाच असतो, पण कॉकाटील पंधरा-वीस वर्षं जगतो. ‘पक्षी आवडतात का?’ हे विचारून काहीच कळत नाही. तो दिवसातले किती तास माणसाच्या खोलीत असेल आणि गावाला जाताना कुणाकडे राहील, हे विचारा.

माझा दुसऱ्यांदा गेला तो घरून काम करणाऱ्या एका बाईंकडे. स्वतःच्या पिंजऱ्यासकट, त्याच दांड्या, त्याच वाट्या. खाणंही सुरुवातीला तेच, बदल नंतर हळूहळू. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला, रात्री दहा-बारा तास शांत झोप आणि जवळ बारीक दिवा, कारण कॉकाटील अंधारात दचकून पंख आपटतात. तीन दिवस बाईंनी हात आत घातलाच नाही. पिंजऱ्याकडे अर्धी पाठ करून नुसत्या वाचत बसल्या. चौथ्या दिवशी दार उघडं ठेवून टेबलावर राळ्याचं कणीस ठेवलं आणि शेजारी बोटाने टकटक केली, दुसरा पक्षी दाणे टिपतोय अशी. दहा मिनिटांनी साहेब उतरले. त्या रात्री झोपण्याआधी त्याने चोच करकरवल्याचा आवाज, म्हणजे पक्षी निर्धास्त असल्याची खूण, त्यांनी मला फोनवर ऐकवला.

तुमचा पक्षी जोडीत वाढला असेल, किंवा माणसाच्या घरी तो सकाळ ते संध्याकाळ एकटा राहणार असेल, तर माझं मत पक्ष्यांच्या घराला. एकटाच माणसांत वाढला असेल तर माणसाच्या घराला, अनुभव थोडा कमी असला तरी. ठरत नसेल तर मोबाइलवर दुसऱ्या कॉकाटीलचा आवाज लावा आणि पाच मिनिटांनी तो बंद करून खोलीबाहेर जा. जास्त हाका तो त्या आवाजाला मारतो की तुम्हाला, हे ऐका. पुरावा पक्का नाही, पण दिशा कळते.

घर कुठलंही निवडा, ‘जमलं नाही तर पक्षी परत माझ्याकडेच येईल’ हे आधी लिहून घ्या.