लिनक्स किंवा मॅकवरून विंडोज ११ चा पेनड्राइव्ह: कोणती पद्धत निवडावी?

विंडोजचा बूट पेनड्राइव्ह (ज्यावरून संगणक सुरू करून विंडोज बसवता येते तो) बनवणारा रूफस फक्त विंडोजवर चालतो, मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूलही तसेच. त्यामुळे हाताशी उबंटू किंवा मॅक असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आयएसओ (इन्स्टॉलेशनचे सगळे सामान असलेली एकच फाइल) उतरवायची, तिथे दिलेला एसएचए-२५६ (फाइल नीट उतरली का हे तपासायचा कोड) जुळवून पाहायचा आणि पुढची पद्धत आपण ठरवायची. पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा लागतो.

'डीडी' या आज्ञेने आयएसओ ड्राइव्हवर जशीच्या तशी ओतणे इथे बाद. लिनक्सच्या बहुतेक आयएसओ हायब्रिड असतात, डिस्कवर लिहिल्या की बूट होतात. विंडोजची आयएसओ तशी नसते. ड्राइव्ह लिहून होतो, पण बूट मेनूत दिसत नाही.

खरी अडचण एकाच फाइलची आहे. 'सोर्सेस' फोल्डरमधली इन्स्टॉल.विम (विंडोजच्या फाइली एकत्र बांधलेली फाइल) हल्ली ४ जीबीच्या वर जाते आणि फॅट३२ या फाइल सिस्टिममध्ये त्याहून मोठी फाइल मावत नाही. उलट यूईएफआयला (जुन्या बायॉसच्या जागी आलेले, संगणक सुरू करणारे फर्मवेअर) खात्रीने वाचता येते ते फॅट३२ च. पुढच्या तिन्ही पद्धती हा पेच वेगवेगळ्या वाटेने सोडवतात.

वोयूएसबी हे लिनक्सवरचे साधन ड्राइव्ह एनटीएफएस (मोठ्या फाइली मावणारी विंडोजची फाइल सिस्टिम) करते आणि तो वाचण्यासाठी शेजारी यूईएफआय-एनटीएफएसचे छोटे पार्टिशन ठेवते. ते पार्टिशन इंटरनेटवरून उतरते. नेट नसेल तर नुसती सूचना देऊन काम पुढे जाते आणि ड्राइव्ह यूईएफआयवर उठत नाही. सिक्युअर बूटही (मान्य सही नसलेला बूटलोडर रोखणारी सोय) काही मशीनवर आडवा येतो. जुन्या बायॉसच्या मशीनसाठी मात्र ही चांगली.

व्हेन्टॉय एकदा बसवला की आयएसओ नुसत्या कॉपी करायच्या. विंडोज, उबंटू, मिंट एकाच ड्राइव्हवर. बसवताना ड्राइव्ह पुसला जातो, नंतर अपडेट करताना नाही. सिक्युअर बूट चालू असेल तर प्रत्येक मशीनवर पहिल्यांदा 'एनरोल की फ्रॉम डिस्क' (व्हेन्टॉयची किल्ली मशीनमध्ये नोंदवणे) करावे लागते. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे विचारल्याशिवाय करू नका. मॅकवरून बसवायची सोय यात नाही.

फाइल तोडणे ही आमच्या मते यूईएफआय मशीनसाठी सर्वांत भरवशाची पद्धत, आणि मॅकवरही चालणारी. ड्राइव्हला जीपीटी टेबल (पार्टिशनची नोंद ठेवायची नवी पद्धत) आणि एकच फॅट३२ पार्टिशन द्या. इन्स्टॉल.विम सोडून आयएसओतले सगळे कॉपी करा. मग विमलिब या विम फाइली हाताळणाऱ्या साधनाची स्प्लिट आज्ञा देऊन ती फाइल ३८०० एमबीच्या तुकड्यांत थेट ड्राइव्हच्या 'सोर्सेस'मध्ये तोडा. नाव इन्स्टॉल.एसडब्ल्यूएम असेच ठेवा. सेटअप ते आपोआप ओळखतो. विमलिब उबंटूत 'विमटूल्स' या पॅकेजात, मॅकवर होमब्रूमध्ये मिळते. बाहेरचा बूटलोडर नसल्याने सिक्युअर बूट बंद करावा लागत नाही. जुन्या बायॉसवर मात्र हा ड्राइव्ह उठणार नाही.

आयएसओत विमऐवजी इन्स्टॉल.ईएसडी (तेच सामान जास्त दाबून बांधलेली फाइल) असेल आणि ती ४ जीबीच्या आत असेल, तर तोडायचीही गरज नाही.

कोणतीही पद्धत घ्या, आधी 'एलएसबीएलके'ने (मॅकवर 'डिस्कयुटिल लिस्ट'ने) आकार पाहून ड्राइव्ह ओळखा. एक अक्षर चुकले तर घरची हार्डडिस्क पुसली जाते. कॉपी संपल्यावर 'सिंक' पूर्ण होईपर्यंत ड्राइव्ह ओढू नका. कॉपीची पट्टी भरली तरी लिनक्स बराच डेटा रॅममध्ये धरून असतो, आणि सेटअप अर्ध्यात फाइल सापडत नाही म्हणून थांबण्यामागे बरेचदा हेच असते. सेटअप सुरू होऊनही एसएसडी दिसत नसेल तर पेनड्राइव्ह पुन्हा बनवू नका. नव्या इंटेल लॅपटॉपवर बरेचदा व्हीएमडीचा (एसएसडी हाताळणारी इंटेलची सोय) ड्रायव्हर लागतो. तो लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून घेऊन, उलगडून त्याच ड्राइव्हवर ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर'मधून निवडा.